तंबूतलं हसू माजघरात

शिरूरहून चौफुल्याला जाणारा रस्ता न्हावऱ्यात घोडगंगा साखर कारखान्याजवळून जातो, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडतो, केडगाव मागं टाकतो आणि पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. माझं माहेर अलीकडचं, सासर पलीकडचं. आमच्याकडं निम्म्या घरांची सोयरीक याच पुलावरून झालेली आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, गुऱ्हाळं, दूध डेअऱ्या आणि शेतातल्या वस्त्या. या पुस्तकातल्या आठवणी त्या वस्त्यांवरच्या, वाड्यांतल्या, दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आणि शिरूरच्या बाजारपेठेतल्या माणसांनी सांगितलेल्या आहेत. सगळ्यांना एकच विचारलं होतं: ‘चला हवा येऊ द्या’ तुम्ही कसं पाहिलंत, कुणाबरोबर पाहिलंत?

हा विनोदी कार्यक्रम 18 ऑगस्ट 2014 रोजी झी मराठीवर सुरू झाला आणि मार्च 2024 मध्ये थांबला. 2025 मध्ये तो नव्या रूपात परत आला, पण आमच्या लोकांच्या बोलण्यात येतात ती आधीची साडेनऊ वर्षं. सोमवार, मंगळवार, रात्री साडेनऊ. निलेश साबळे पुढे येऊन ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ म्हणायचे आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही मंडळी थुकरटवाडी नावाच्या गावात आपापली सोंगं घेऊन उतरायची. पाहुणे म्हणून सिनेमावाले यायचे. पुढे पुढे तर शाहरुख खानसुद्धा त्या वाडीत येऊन गेला. मग कार्यक्रमानं महाराष्ट्राचा दौरा केला, जगाचा दौरा केला, लहान मुलांना मंचावर आणलं, बायकांचं वेगळं पर्व केलं. हे सगळं ठाऊक असलेले वाचक पुष्कळ आहेत. कलाकारांच्या मुलाखती छापून आल्या, पाहुण्यांचे फोटो छापून आले. पाहणाऱ्यांना मात्र कुणी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं असं मला फार मनापासून वाटतं, कारण विनोद अर्धा मंचावर घडतो आणि अर्धा समोर बसलेल्या माणसांत. आमच्याकडं समोर बसलेली माणसं कोरी नव्हती. ती तमाशा बघून तयार झालेली होती.

कवठे येमाई हे शिरूर तालुक्यातलं गाव. बशीर मोमीन कवठेकर तिथले. 1947 चा जन्म, 2021 मध्ये ते गेले. त्यांनी तमाशा मंडळांसाठी लावण्या लिहिल्या, गण-गवळणी लिहिल्या, वग लिहिले, आणि राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारानं त्यांचा सन्मान झाला. त्यांच्या गावापासून वायव्येला गेलं की जुन्नर तालुक्यात नारायणगाव, विठाबाईंचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला जातात. शिरूर आणि दौंडची गावंही त्यात असतातच. फड ठरवून आलेली माणसं पारावर बसून सांगत, यंदा अमक्याचा सोंगाड्या जोरात आहे, तमक्याची बतावणी ऐकायला पाहिजे. या रस्त्याचं दुसरं टोक, चौफुला, तर कला केंद्रांसाठीच ओळखलं जातं. म्हणजे आमच्या वाटेच्या दोन्ही टोकांना ढोलकी होती. गावातल्या ज्या माणसानं आयुष्यात नाटक पाहिलं नाही, सिनेमा चार-दोन पाहिले, त्यानंही काळू-बाळूंची जोडी पाहिलेली असते, दत्ता महाडिक पुणेकरांच्या फडातला विनोद त्याला तोंडपाठ असतो. अशा माणसाला विनोद समजावून सांगावा लागत नाही. उत्तर येण्याआधीच त्याला कळतं की आता सोंगाड्या शब्द फिरवणार.

म्हणून थुकरटवाडी लागली की या माणसांना तिथं ओळखीचीच माणसं दिसली. तमाशाच्या बतावणीत एक शहाणा असतो आणि एक वेड पांघरलेला. शहाणा सरळ प्रश्न विचारतो, दुसरा वाकडं उत्तर देतो, आणि हळूहळू असं होतं की शहाण्याचीच भंबेरी उडते. साबळे आणि भाऊ कदम समोरासमोर आले की नेमकं हेच व्हायचं. भाऊ कदम काहीच न बोलता उभे राहायचे, प्रेक्षकांकडं एकदा पाहायचे आणि आमच्याकडं घरात हसू सुरू व्हायचं. न बोलता उभं राहणं ही सोंगाड्याची सगळ्यात अवघड कला आहे. फड चालवलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी या पुस्तकात म्हटलंय की माणूस नुसता उभा राहिला आणि लोक हसले तर तो सोंगाड्या, बोलल्यावर हसले तर तो नुसता बोलका. भाऊ कदमांना यापेक्षा मोठी दाद कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

गवळणीतली मावशी पुरुषच करत आलेला. लुगडं नेसलेला, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि कृष्णालाही दोन शब्द ऐकवणारा. भाऊ कदम किंवा सागर कारंडे साडी नेसून आले की शहरातल्या काही प्रेक्षकांना ते जुनाट वाटायचं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मावशी भेटल्याचा आनंद व्हायचा. आणि तो सोफ्यावर बसलेला पाहुणा! तमाशात पहिल्या रांगेत पाटील, सरपंच, कारखान्याचे संचालक फेटे बांधून बसायचे आणि सोंगाड्या मुद्दाम त्यांच्याकडं बोट करून टिंगल करायचा. मानकऱ्यानं ती हसत सोसायची असते, रागावला तर त्याची शोभा होते. सोफ्यावर बसलेल्या नटनट्यांना मान देऊन बसवायचं आणि मग त्यांच्याच सिनेमाची त्यांच्या तोंडावर नक्कल करायची, ही रीत तिथलीच. मोठा माणूस समोर बसून आपल्यावरचा विनोद ऐकतोय आणि हसतोय, हे पाहण्यात गावाला जे सुख मिळतं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही, पण पुढच्या पानांवर ते पुष्कळांनी सांगितलंय.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे कलाकार तमाशाच्या फडातून आलेले नाहीत. ते एकांकिकांतून, व्यावसायिक नाटकांतून, 2010 पासून गाजलेल्या ‘फू बाई फू’सारख्या कार्यक्रमांतून आले. त्यांनी तमाशाची परंपरा जाणूनबुजून पुढं नेली असा दावा मी करणार नाही. मी म्हणते ते आमच्या बाजूचं आहे. पाहणाऱ्यांनी आपल्याजवळ होती ती नजर लावली आणि त्या नजरेत हा कार्यक्रम बरोबर बसला.

त्याआधी टीव्हीवर विनोद नव्हता असं नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुणे भागात दिसू लागलं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आणि शिरूरच्या पेठेत ज्यांच्याकडं संच होते त्यांनी अँटेना सिंहगडाच्या दिशेनं वळवल्या. विनायक चासकरांचा ‘गजरा’ तेव्हाचा. छोट्या नाटुकल्या, गाणी, पुन्हा नाटुकल्या. आठवण सांगणाऱ्यांत सत्तरीच्या पुढची काही माणसं आहेत, ती ‘गजरा’चं नाव हळव्या सुरात घेतात. पण तो पांढरपेशा घरांचा गोड, सभ्य विनोद होता. शेजारच्या दारात उभं राहून पाहिलेला. वस्तीवरच्या माणसाला तो परक्याच्या घरातला वाटायचा, आणि खरंच तो परक्याच्याच घरात पाहावा लागायचा.

आता मी ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना लिहायला तयार झाले तिच्याकडं येते.

तमाशा आमच्या रक्तात आहे असं आम्ही म्हणतो तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे पुरुष. यात्रेच्या रात्री तंबूत घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका जात नसत. पुरण घालायचं, पाव्हण्यांच्या पंगती उठवायच्या, भांडी घासायची आणि लांबून ढोलकी ऐकत झोपायचं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी असते. फडातली मंडळी उन्हात, रात्रीचा रंग धुतलेल्या चेहऱ्यांनी देवापुढं हजेरी लावतात. तेवढं दिवसाउजेडी असल्यानं बायकांना लांबून पाहता यायचं. कुणाच्या माडीवरून, कुणाच्या भिंतीआडून, कडेवर पोर घेऊन. चार वाक्यं कानावर पडायची, सहा वाऱ्यावर जायची. पुरुष खदखदा हसायचे आणि बायका ते कशाला हसले याचा अंदाज बांधत घरी परतायच्या. दुपारी कुस्त्यांचा आखाडा, तिथंही तेच.

बायका हसत नव्हत्या असं कुणी समजू नये. डोहाळजेवणात, हळदीला, मंगळागौरीला, खुरपताना बांधावर बायका जे हसतात ते पुरुषांनी ऐकलं तर त्यांना घाम फुटेल. पण ते बायकांतलं हसू. सासऱ्यासमोर, दिरासमोर, नवऱ्यासमोर एकाच खोलीत बसून मोठ्यानं हसायची सोय नव्हती. हसू आलं तर पदर तोंडाला लावायचा, फार आलं तर उठून चुलीकडं जायचं.

माझ्या सासरी टीव्ही पुढच्या खोलीत. मामा, म्हणजे माझे सासरे, कॉटवर. दीर खाली चटईवर. आत्या, म्हणजे सासूबाई, उंबऱ्यापाशी, आणि मी स्वयंपाकघरात, तिथून पडद्याचा अर्धा भाग दिसायचा. बातम्या, मालिका, क्रिकेट सगळं याच मांडणीत चालायचं. ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं तेव्हाही मी अर्धाच पडदा पाहत होते. आवाज ऐकून हसू यायचं आणि कोण काय करतंय ते दिसायचं नाही, म्हणून मी भाकरीचं पीठ मळता मळता दारापर्यंत यायचे. मग दारातून उंबऱ्यापर्यंत. एका मंगळवारी श्रेया बुगडे कुणा नटीची नक्कल करत होत्या आणि आत्या एवढ्या जोरात हसल्या की त्यांचा पदर खांद्यावर आला. त्यांनी तो सावरला नाही. मामांनी वळून पाहिलं आणि तेही हसले. त्यानंतर साडेनऊच्या आत स्वयंपाक आवरायचा असा नियम आत्यांनीच केला. भांडी सकाळी घासली तरी चालतील, असंही त्यांनीच सांगितलं. ज्या घरात रात्रीचं खरकटं भांडं ठेवणं म्हणजे लक्ष्मीचा अपमान, त्या घरातली ही गोष्ट आहे.

एकदा जाहिराती लागल्यावर आत्या म्हणाल्या, ‘आमच्या माहेरी यात्रंला असाच एक मावशी करायचा. मी लांबून बघितला होता. काय बोलत व्हता ते आत्ता कळलं.’ पन्नास वर्षांपूर्वी वाऱ्यावर गेलेली वाक्यं त्यांना त्या रात्री ऐकू आली. माझ्या दृष्टीनं या सगळ्या पुस्तकाचं कारण हे एक वाक्य आहे.

मला वाटलं होतं हे आमच्याच घरी झालं असेल. आठवणी जमू लागल्या तेव्हा दिसलं की नदीच्या दोन्ही काठांना हे असंच घडलंय. कुठं जावा-जावा एकत्र बसू लागल्या, कुठं सून पहिल्यांदा खुर्चीवर बसली, कुठं घरातल्या आजीला नक्कल करता येते हे नातवांना पहिल्यांदा समजलं. निमगाव म्हाळुंगीकडच्या एका बाईंनी सांगितलंय की सासू वारल्यावर तेराव्यापर्यंत टीव्ही बंद होता, मग पहिल्यांदा लावला तो सोमवारी, आणि हसता हसता सगळे रडले, कारण हसण्यात सासूचा आवाज कमी पडत होता. या आठवणी छापताना आम्ही त्यांतली भाषा बदलली नाही. ‘व्हता’, ‘आलती’, ‘लई’ जसं बोललं तसं ठेवलं.

सगळ्यांना साडेनऊ वाजता बसता येत होतं असंही नाही. त्याआधीची दहा वर्षं भारनियमनाची होती. संध्याकाळी वीज गेली की गेली. गावठाणाचे आणि शेतीपंपांचे फीडर वेगळे होत गेले तशी गावातल्या घरांत रात्रीची वीज टिकू लागली, आणि हा कार्यक्रम नेमका त्याच सुमाराला आला. भारनियमनाच्या काळात तो आला असता तर त्याची ही सवय लागली नसती असं माझं ठाम मत आहे. वस्त्यांवर मात्र शेतीचीच लाइन. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी द्यायचं म्हणजे घरातला कर्ता पुरुष बॅटरी घेऊन बाहेर. शिरूर तालुक्यात बिबट्याची भीती खरी आहे, घोड आणि भीमेच्या काठच्या उसात त्याचा कायमचा मुक्काम आहे. त्यामुळं बायका टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवायच्या, म्हणजे दारं धरणाऱ्या माणसाला घर जागं आहे हे कळावं. पारगावच्या बाजूच्या एका शेतकऱ्यानं सांगितलंय की त्यानं कितीतरी भाग पाहिले नाहीत, उसाच्या सरीत उभं राहून ऐकले. त्याला साबळेंचा आवाज आणि घरच्यांचं हसणं एवढंच ऐकू यायचं आणि तेवढ्यानं रात्र सोपी व्हायची.

रांजणगावच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असलेली पोरं रात्री उशिरा घरी येत. तिथल्या एलजीच्या कारखान्यात टीव्ही तयार होतात. म्हणजे आमच्या तालुक्यात बनलेल्या टीव्हीवर आमचंच गाव हसत असायचं आणि पाळीवरची पोरं त्या वेळी कामावर असायची. ती दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण पाहत, पुढं 2016 नंतर मोबाइलला स्वस्त डेटा आला तेव्हा कंपनीच्या बसमध्ये पाहू लागली. दौंडला रेल्वेची माणसं. जंक्शन असल्यानं तिथं ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन यांची घरं पुष्कळ, आणि त्यांच्या ड्युटीला सोमवार-मंगळवार माहीत नसतो. राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात नंबरचे गट दौंडलाच आहेत, त्यांतले जवान बंदोबस्तासाठी राज्यभर फिरतात. एका जवानाच्या पत्नीनं फार सुंदर आठवण दिलीय. तो गडचिरोलीला असताना ती कार्यक्रम संपल्यावर फोन करून त्याला सगळे विनोद जसेच्या तसे सांगायची. तिला नक्कल येत नाही, विनोद सांगताना ती आधीच हसत सुटते, आणि तो म्हणायचा, पुढचं नको सांगू, तू नुसती हस.

केडगाव, पारगाव, नानगाव या पट्ट्यात गुऱ्हाळं रात्रंदिवस चालतात. चुलवाणाजवळ मोबाइल टेकवून हा कार्यक्रम पाहणारे मजूर मी स्वतः पाहिलेत. हंगामात ऊसतोडीला आलेली बीडकडची कुटुंबं कारखान्याजवळच्या कोप्यांत राहतात. त्यांना या पुस्तकात यायला हवं होतं, आणि ती आली आहेत, थोडी का होईना. त्यांच्या आठवणी मुख्यतः एका गोष्टीच्या आहेत, पोस्टमन काकांच्या.

खाकी कपडे घालून सागर कारंडे यायचे आणि पत्र वाचायचे. पत्रं अरविंद जगताप लिहायचे. ते स्वतः बीड जिल्ह्यातले, त्यामुळं कोरडवाहू शेती, कर्ज, गाव सोडून जाणं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पत्र कधी शेतकऱ्याचं असायचं, कधी सैनिकाच्या घरचं, कधी आईचं. आत्तापर्यंत पोट धरून हसणारं घर गप्प व्हायचं. काही समीक्षकांना हे ओढूनताणून केलेलं वाटलं. विनोदी कार्यक्रमात रडवायचं कशाला, असं विचारलं गेलं. आमच्याकडं हा प्रश्न कुणालाच पडला नाही. बतावणी संपली की वग लागतो, आणि वगाच्या शेवटाकडं रात्र सरत आलेली असताना तंबूतल्या माणसांनी डोळे पुसलेले असतात. आधी हसवून माणूस मोकळा करायचा आणि मग त्याला त्याचं दुःख दाखवायचं, हा क्रम आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलाय. हसून सैल झालेल्या माणसाला रडायला लाज वाटत नाही. मामांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं ते एका बापाच्या पत्राच्या वेळी. त्यांनी डोळे पुसायला टॉवेल मागितला, लपवलं नाही. पत्र वाचून झाल्यावर सागर कारंडे निघून जायचे आणि घरात थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही. मग कुणीतरी विचारायचं, चहा ठेवू का? रात्री साडेदहाला.

सगळं चांगलंच होतं असं म्हणणं त्या कार्यक्रमावरच्या प्रेमाला शोभणार नाही. रंगावर, जाडीवर, उंचीवर केलेले विनोद वारंवार यायचे आणि ते मला टोचायचे. सावळ्या मुलीचं लग्न जमवताना ज्या घरांत काय काय ऐकून घ्यावं लागतं, त्याच घरांत ते विनोद पोचत होते. एका शिक्षिकेनं या पुस्तकात लिहिलंय की मंगळवारी ऐकलेला रंगावरचा विनोद बुधवारी वर्गात एका मुलीला चिकटवला गेला. ही आठवण आम्ही मुद्दाम इतरांच्या मधोमध ठेवली आहे, शेवटी टाकली नाही. आणखी एक. शेवटच्या काही वर्षांत पाहुण्यांच्या सिनेमाची जाहिरात जास्त आणि वाडी कमी असं होत गेलं. मुळात थुकरटवाडी गाव होतं, तिथं सरपंच होता, भांडणं होती, उधारी होती. भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी बोली तिथं यायची आणि आमच्याकडं ती ऐकून लोक खूश व्हायचे, कारण टीव्हीवर पुण्या-मुंबईखेरीज दुसरी मराठी ऐकायची सवयच नव्हती. तो गावपणा पातळ होत गेला तसा आमच्या घरचा साडेनऊचा नियमही सैल पडला. 2018 पासून सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली. समीर चौघुले, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांनी छोट्या प्रहसनाची घट्ट वीण दाखवली आणि तरुण पोरं तिकडं वळली. मलाही ती आवडते. पण ती मी बहुतेक वेळा मोबाइलवर, एकटीनं, कानात वायर घालून पाहिली आहे.

इथं या पुस्तकातल्या दोन पिढ्या वेगळ्या होतात. चाळिशीच्या पुढच्यांच्या आठवणीत माणसं आहेत: कोण कुठं बसायचं, कोण आधी हसायचं, लाइट गेली तेव्हा काय झालं. पंचविशीच्या आतल्यांच्या आठवणीत तुकडे आहेत: अमुक प्रसंग, तमुक वाक्य, कितीदा पाहिलं. त्यांचं पाहणं कमी प्रतीचं आहे असं मी म्हणणार नाही. एका तुकड्यातली वेळ साधण्याची हातोटी त्यांना जितकी नेमकी कळते तितकी आम्हाला कळली नव्हती, कारण आम्ही तो प्रसंग एकदाच पाहिला. शिरूरच्या बोरा कॉलेजातल्या एका मुलानं भाऊ कदमांच्या थांबण्याविषयी जे लिहिलंय ते त्या म्हाताऱ्या फडवाल्याच्या बोलण्याच्या शेजारी ठेवून वाचावं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघं एकच गोष्ट बोलताहेत. फक्त त्या मुलाच्या लिहिण्यात घरातलं दुसरं माणूस कुठं दिसत नाही. लॉकडाऊनच्या दिवसांत, 2020 मध्ये, जुने भाग पुन्हा लागले तेव्हा काही घरांत ही दोन्ही पाहणी एकत्र आली. नातवाला संवाद पाठ, आजीला तो भाग पहिल्यांदा कधी पाहिला तो दिवस पाठ. त्या वेळच्या आठवणी थोड्याच मिळाल्या, पण पुस्तकातली सगळ्यात जिवंत पानं तीच आहेत.

आठवणींचा क्रम कसा लावायचा यावर बरीच चर्चा झाली. गावांप्रमाणे लावावा असं काहींचं म्हणणं होतं. शेवटी तो बसण्याच्या जागेप्रमाणे लावला: आधी कॉटवरचे, मग चटईवरचे, मग उंबऱ्यातले, मग स्वयंपाकघरातले, आणि शेवटी घराबाहेरचे, म्हणजे शेतात, पाळीवर, गाडीवर, बंदोबस्तावर असलेले. वाचताना दिसेल की स्वयंपाकघरातल्या आठवणी सगळ्यात जास्त आहेत आणि त्या सांगणाऱ्या बाया पुढं पुढं चटईवर येऊन बसलेल्या आहेत. एका भागातली बाई दुसऱ्या भागात पुन्हा भेटली तर गोंधळून जाऊ नये, तिची जागा बदललेली आहे.

एक काम मात्र या पुस्तकानं फक्त सुरू केलंय. आठवणी विचारायला गेलो तेव्हा ऐंशीच्या घरातल्या ज्या म्हाताऱ्या भेटल्या, त्या टीव्हीबद्दल दोन वाक्यं बोलून हजेरीच्या आठवणींवर जायच्या. कुठल्या भिंतीआडून पाहिलं, कोणता फड होता, मावशी कशी मुरकायची. तमाशावर पुष्कळ अभ्यास झालाय, पण तो तंबूच्या आतला, फडमालकांचा, शाहिरांचा, नर्तकींचा. भिंतीआड उभ्या असलेल्या या बायकांनी काय ऐकलं आणि काय ऐकू आलं नाही, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. आमच्याकडं अशा मोजक्याच आठवणी आहेत, त्या शेवटच्या भागात घातल्या आहेत, विषयाशी त्यांचा संबंध लांबचा दिसला तरी. कवठे येमाईपासून कुरकुंभपर्यंत अजून कितीतरी घरांत अशा आज्या आहेत. पुढच्या चैत्रात यात्रा सुरू होण्याआधी कुणीतरी त्यांच्याजवळ जाऊन बसावं. त्यांना प्रश्न विचारावे लागत नाहीत. टीव्हीवर एखादा जुना भाग लावला आणि भाऊ कदम साडी नेसून आले की त्या आपणहून बोलू लागतात.